एमसीबी पडतोय? घरातला शॉर्ट वीज बंद ठेवून कसा शोधायचा

एमसीबी, म्हणजे प्रवाह फार वाढला की आपोआप वीज तोडणारा स्विच, पडला की हात आपोआप त्याच्या खटक्याकडे जातो. वर केला, पडला. पुन्हा वर केला, पुन्हा पडला. नेमकं हेच करायचं नाही. शॉर्ट, म्हणजे वायरी जिथे नको तिथे एकमेकींना चिकटणं, शोधण्याचं जवळजवळ सगळं काम वीज बंद असताना आणि साध्या मल्टिमीटरने (व्होल्ट आणि रोध मोजणाऱ्या यंत्राने) होतं. दोष कुठे नाही हे एकेक करून ठरवत जायचं, म्हणजे तो उरलेल्या जागेत कोंडला जातो. वीज चालू करून बघायची वेळ अगदी शेवटी येते.

पुन्हा पुन्हा खटका वर करण्यात धोका किती, ते आकड्यात बघा. २३० व्होल्टच्या वायरिंगमध्ये फेज (वीज आणणारी वायर) आणि न्यूट्रल (प्रवाह परत नेणारी वायर) थेट चिकटले आणि सगळ्या मार्गाचा रोध, म्हणजे प्रवाहाला होणारा अडथळा, अर्धा ओहम असला, तर प्रवाह होतो ४६० अँपिअर. १६ अँपिअरचा ‘सी’ प्रकारचा एमसीबी ८० ते १६० अँपिअरच्या दरम्यान चुंबकीय झटक्याने तत्काळ पडतो, म्हणून आपण वाचतो. पण प्रत्येक वेळी त्याच्या आत ठिणगी पडते आणि संपर्काचे पत्रे थोडे थोडे जळतात. जिथे वायर चिकटली आहे तिथलं तांबं वितळतं, शेजारचं प्लॅस्टिक करपतं. तीनचार वेळा असं केलं की सहज दुरुस्त झाला असता असा बोर्ड काळा पडलेला सापडतो.

आधी आपला जीव

पक्क्या वायरिंगला हात लावण्याचा अधिकार अनेक ठिकाणी फक्त परवानाधारक वायरमनला असतो. तो नियम पाळा. उपकरणं तपासणं, दोष कोणत्या सर्किटमध्ये आहे ते ओळखणं आणि ते सर्किट बंद ठेवणं एवढं घरातलं कोणीही करू शकतं. डीबी (एमसीबी बसवलेली पेटी) उघडण्यापासून पुढच्या पायऱ्या ज्यांना मल्टिमीटर धरण्याची सवय आहे त्यांच्यासाठी आहेत. तशी सवय नसेल तर त्या वाचून ठेवा. वायरमन काय करतो आहे आणि काय करायचं टाळतो आहे, ते कळेल.

काही प्रसंगी मात्र काहीच शोधत बसायचं नाही, मेन बंद करून माणूस बोलवायचा. डीबी किंवा विजेचा मीटर गरम लागत असेल, जळका वास येत असेल, भिंत ओली असून हात लावल्यावर झिणझिणत असेल, बोर्डात पाणी शिरलं असेल, किंवा मेनच्या अलीकडे, म्हणजे मीटर आणि त्याच्या सीलबंद भागात दोष असेल, तर थांबा. मीटरकडून मेनपर्यंतची वायर तुमचा मेन बंद केला तरी जिवंतच राहते. पाण्यात उभं राहून मेन बंद करायला जाऊ नका.

कोणाला शॉक बसून तो चिकटला असेल तर त्याला हात लावू नका. आधी वीज तोडा. ते जमत नसेल तर कोरड्या जागी उभं राहून कोरड्या लाकडाने किंवा प्लॅस्टिकने वायर बाजूला करा. सुटका झाल्यावर श्वास चालत नसेल तर मदत बोलावून लगेच छातीवर दाब द्यायला सुरुवात करा: मिनिटाला १०० ते १२०, खोली ५ ते ६ सेंटिमीटर. जळणाऱ्या बोर्डावर पाणी टाकू नका. कार्बन डायऑक्साइडचं किंवा कोरड्या पावडरचं अग्निशामक वापरा.

शरीरातून साधारण १० मिलिअँपिअर गेले की पकडलेली वायर सोडवत नाही, आणि ५० ते १०० मिलिअँपिअर हृदयाची लय बिघडवायला पुरतात. ६ अँपिअरचा छोटा एमसीबी म्हणजे ६००० मिलिअँपिअर. एमसीबी वायरिंगला वाचवतो, माणसाला नाही. माणसासाठी आरसीसीबी, म्हणजे गळणारा प्रवाह ओळखून वीज तोडणारा स्विच, असतो, तोही ३० मिलिअँपिअरचा. १०० किंवा ३०० मिलिअँपिअरचा आगीच्या धोक्यासाठी असतो.

पडण्याची तऱ्हा काय सांगते

स्क्रू ड्रायव्हर हातात घेण्याआधी दोन मिनिटं विचार करा: काय पडलं, कधी पडलं, आणि त्या क्षणी काय चालू केलं होतं?

एमसीबी वर करताक्षणी ‘टक्’ करून पडला तर फेज-न्यूट्रल किंवा फेज-अर्थ शॉर्ट आहे (अर्थ म्हणजे जमिनीला जोडलेली संरक्षक वायर). पाच-दहा मिनिटांनी, अर्ध्या तासाने पडला तर तो बहुधा शॉर्ट नसतो, ओव्हरलोड, म्हणजे क्षमतेपेक्षा जास्त भार, असतो. एमसीबीच्या आतली उष्णतेची पट्टी सावकाश वाकते, क्षमतेच्या १.४५ पट प्रवाह असला तर ती तासाभरात पाडते, जास्त असला तर लवकर. असा पडलेला एमसीबी लगेच वर राहत नाही, दोनतीन मिनिटं थंड व्हावा लागतो. भार कमी करूनही तो पडत राहिला तर त्याच्या स्क्रूखालची वायर सैल होऊन तापत असण्याची शक्यता धरा.

एमसीबी जागेवर आणि फक्त आरसीसीबी पडला तर लिकेज आहे, म्हणजे प्रवाह अर्थकडे गळतो आहे. दोन्ही एकदम पडले तर फेज थेट अर्थला लागला आहे. एखादं बटण दाबल्यावरच पडत असेल तर दोष त्या बटणाच्या पुढे, दिव्यात, पंख्यात किंवा बटणापासून तिथवरच्या वायरमध्ये. हे शेवटचं लक्षात ठेवा, कारण बटण बंद असताना मीटरला तो दोष दिसणारच नाही.

आणि काहीच पडत नाही, पण बोर्डातून चरचर आवाज येतो, दिवा फडफडतो, प्लॅस्टिक पिवळं पडलं आहे? हा शॉर्ट नाही, लूझ कनेक्शन आहे. प्रवाह नेहमीइतकाच असल्याने एमसीबीला यात काही वावगं दिसत नाही, आणि म्हणूनच आगीच्या दृष्टीने हा प्रकार शॉर्टपेक्षा वाईट. तो बोर्ड तेव्हाच बंद करा.

घरात अलीकडे काय बदललं, हेही विचारा. खिळा ठोकला, टीव्हीचा स्टँड बसवला, पडद्याच्या दांडीसाठी ड्रिल मारलं, छताला गळती लागली, उंदीर दिसले. अर्धे शॉर्ट या प्रश्नाच्या उत्तरातच सापडतात.

पहिली पायरी: सगळे प्लग काढा

बटण बंद करणं पुरेसं नाही, प्लग सॉकेटमधून बाहेर हवा. बटण फक्त फेज तोडतं आणि तेही वायरिंग बरोबर असेल तर. न्यूट्रल उपकरणाला जोडलेलाच राहतो. फ्रिज, टीव्ही, राउटर, चार्जर, मिक्सर, एक्स्टेंशन बोर्ड, झाडून सगळं काढा. गिझर, एसी, पाण्याची मोटर यांचे स्वतंत्र डबल पोल (फेज आणि न्यूट्रल दोन्ही तोडणारे) स्विच बंद करा. दिव्या-पंख्यांची बटणंही बंद.

आता एमसीबी एकदाच वर करा. आधी खटका पूर्ण खाली दाबा, मग वर. पडलेला एमसीबी मध्येच अडकून राहतो आणि खाली दाबल्याशिवाय तो बसत नाही. चेहरा बाजूला ठेवा, हात कोरडा.

टिकला तर वायरिंगचा मुख्य भाग ठीक आहे. एकेक बटण चालू करा, मधे काही सेकंद थांबा. सगळी टिकली तर दोष काढलेल्या उपकरणांपैकी एकात आहे. ती एकेक लावून बघण्याचा मोह आवरा आणि आधी मीटरने तपासा. एकही प्लग नसताना, सगळी बटणं बंद असताना तो पडला, तर दोष वायरिंगमध्ये आहे किंवा, क्वचित, एमसीबीतच.

उपकरण मीटरवर तपासणं

मल्टिमीटर ओहमवर ठेवा, दोन्ही प्रोब एकमेकांना टेकवा आणि येणारा आकडा, बहुधा ०.२ ते ०.४ ओहम, लक्षात ठेवा. तो प्रोबच्या वायरींचा रोध. पुढे वजा करायचा आहे. प्लग बाहेर, उपकरणाचं बटण चालू, आणि प्लगच्या पिनांवर तीन मापं घ्या.

फेज आणि न्यूट्रलच्या पिनांमध्ये तापणाऱ्या वस्तूंचा रोध हिशोबाने येतो: व्होल्टचा वर्ग भागिले वॅट. १००० वॅटच्या इस्त्रीला सुमारे ५३ ओहम, २००० वॅटच्या गिझरला सुमारे २६. शून्याच्या जवळ आकडा आला तर शॉर्ट आहे, आणि बहुतेक वेळा तो वायरमध्येच असतो: जिथे ती प्लगमध्ये शिरते किंवा जिथे उपकरणात शिरते, कारण वळून वळून आतले तारेचे पदर तिथेच तुटतात. मीटर लावून ठेवून वायर त्या मानेपाशी हळूहळू वाकवा. आकडा उड्या मारायला लागला की जागा सापडली.

मग फेज ते अर्थ आणि न्यूट्रल ते अर्थ. दोन्हीकडे मीटरने ‘ओएल’, म्हणजे जोड नाही, असं दाखवलं पाहिजे. कोणताही ठोस आकडा आला तर उपकरण वापरातून काढा, कारण फेज बाहेरच्या पत्र्यापर्यंत पोचण्याचा तो रस्ता आहे.

चार्जर, टीव्ही, एलईडी ड्रायव्हर यांच्या बाबतीत ओहमच्या आकड्याने फसू नका. आत कपॅसिटर असल्याने आकडा कमीपासून वाढत जातो, प्रोब उलटे केल्यावर बदलतो. फक्त सतत शून्याजवळ चिकटलेला आकडाच शॉर्ट समजा. जुन्या धर्तीचा १०० वॅटचा फिलामेंटचा बल्ब थंड असताना चाळीसेक ओहमच दाखवतो. मल्टिमीटर त्यावर बीपही देऊ शकतो. म्हणून बीपवर विसंबू नका, आकडा वाचा.

गिझरचं एलिमेंट एक खास प्रकार आहे. थंड असताना ते निर्दोष दिसतं, तापलं की त्याच्या नळीतली बारीक भेग उघडते, पाणी आत जातं आणि दहा मिनिटांनी आरसीसीबी पडतो. ‘गिझर लावल्यावर थोड्या वेळाने पडतं’ अशी तक्रार असेल तर थंड मापावर विश्वास ठेवू नका. पाणी तापल्यानंतर, वीज पूर्ण तोडून, एलिमेंट ते बॉडी पुन्हा मोजा.

डीबी उघडण्याआधी ‘वीज नाही’ हे सिद्ध करा

मेन बंद केला म्हणजे वीज गेली, असं गृहीत धरणं हा या कामातला सर्वांत जीवघेणा समज आहे. इन्व्हर्टर असेल तर मेन बंद होताच तो स्वतःहून चालू होऊन त्याच डीबीत वीज सोडतो. इन्व्हर्टर बंद करून त्याची बाहेर जाणारी जोडणीही तोडा. सोलर असेल तर त्याचाही स्विच बंद. मेनवर कागद चिकटवा, ‘काम चालू आहे’, किंवा कुलूप लावा.

मग मीटर एसी व्होल्टवर ठेवा आणि तीन टप्पे करा: आधी चालू असल्याची खात्री असलेल्या जागी मीटर बरोबर दाखवतो ना, मग ज्या जागी काम करायचं तिथे फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ, आणि शेवटी पुन्हा चालू जागी. मधल्या मापात शून्य आलं पण मीटरच बिघडला होता, असं होऊ नये म्हणून हा शेवटचा टप्पा. टेस्टरचा निऑन दिवा या कामाला पुरत नाही. रबरी चपला आणि कोरडी फरशी असली तर तो जिवंत वायरवरही अंधुक पेटतो. उलट, शेजारच्या वायरच्या प्रभावाने मेलेल्या वायरवरही पेटू शकतो. मीटर किमान कॅट थ्री (CAT III) या सुरक्षा श्रेणीचा घ्या, त्याचे प्रोब चिरलेले नसावेत, आणि लाल प्रोब १० अँपिअरच्या भोकात राहिलेला नाही हे प्रत्येक वेळी बघा. त्या भोकात प्रोब ठेवून व्होल्टेज मोजणं म्हणजे स्वतःच्या हातात शॉर्ट करणं.

पंखा आणि मोटर यांच्यात कपॅसिटर असतो. वीज बंद केल्यावर काही मिनिटं थांबा आणि त्याच्या टोकांवर व्होल्टेज मोजूनच हात लावा.

दुसरी पायरी: सर्किट मोकळं करून तीन मापं

पडणाऱ्या एमसीबीच्या खालून बाहेर जाणारी फेज वायर सोडवा. त्याच सर्किटचा न्यूट्रल न्यूट्रलच्या पट्टीवरून आणि अर्थ अर्थच्या पट्टीवरून सोडवा. सोडवण्याआधी मोबाइलवर फोटो घ्या आणि वायरींना टेपच्या तुकड्यावर नंबर द्या. रंगावर भरवसा ठेवू नका. जुन्या कामात लाल फेज, काळा न्यूट्रल, हिरवी अर्थ, नव्यात तपकिरी, निळा आणि हिरवा-पिवळा असा संकेत असतो. पण उरलेल्या वायरीवर काम उरकलेलं असेल तर हे सगळं उलटंपालटं निघतं.

एमसीबीचा निकाल इथेच लागतो. त्याची बाहेर जाणारी वायर सुटलेली आहे, टोक टेपने बंद आहे, झाकण जागेवर आहे. अशा स्थितीत मेन चालू करून तो वर करा. काहीच न जोडता पडला तर एमसीबी खराब. वर राहिला तर मेन पुन्हा बंद, वीज नसल्याची पुन्हा खात्री, आणि पुढे.

आता त्या सर्किटचे सगळे प्लग बाहेर, दिव्यांचे बल्ब काढलेले, आणि दिव्या-पंख्यांची बटणं आधी बंद ठेवून मोजा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ, न्यूट्रल-अर्थ. तिन्ही ‘ओएल’ हवीत. मग बटणं एकेक चालू करत फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ पुन्हा बघा. ज्या बटणावर आकडा कोसळतो, त्याच्या पुढची वायर दोषी. पंखा जोडलेला असेल तर त्याच्या वळणांचा रोध दिसेल, काही शे ओहमचा. तो दोष नाही.

आकडा शून्याजवळ आला तर तो फेकून देऊ नका, त्यातून अंतर निघतं. १.५ चौरस मिलिमीटर तांब्याच्या वायरचा रोध दर मीटर लांबीला १२.१ मिलिओहम असतो, म्हणजे जाऊन-येऊन २४.२, २.५ चौरस मिलिमीटरचा जाऊन-येऊन १४.८. समजा १.५ च्या सर्किटवर ०.६ ओहम आले आणि प्रोबचे ०.२ वजा केले. उरले ०.४. भागिले ०.०२४२, म्हणजे साडेसोळा मीटर. शॉर्ट या अंतरावर किंवा त्याच्या अलीकडे आहे, पलीकडे नाही. कारण चिकटलेल्या जागेचा थोडा रोधही त्या आकड्यात मिसळलेला असतो. साध्या मीटरचा दशांशातला आकडा काटेकोर नसतो, तरी शॉर्ट जवळच्या बोर्डात आहे की घराच्या दुसऱ्या टोकाला, एवढं त्यातून नक्की कळतं.

तिसरी पायरी: अर्धं-अर्धं करत जा

एका सर्किटवर आठ बोर्ड आहेत आणि वायर एकातून दुसऱ्यात लूप होत गेली आहे. पहिल्यापासून एकेक उघडत गेलात तर आठ बोर्ड उघडावे लागू शकतात. त्याऐवजी चौथा उघडा. त्यात येणारी आणि पुढे जाणारी, अशा दोन फेज वायरी एका स्क्रूखाली आणि दोन न्यूट्रल दुसऱ्या स्क्रूखाली असतात. त्या वेगळ्या करा आणि दोन्ही बाजू मोजा. डीबीकडची बाजू ‘ओएल’ दाखवते, पुढची शून्य? मग पहिले तीन बोर्ड आणि तिथवरची वायर निर्दोष. आता सहावा उघडा, मग सातवा किंवा पाचवा. तीन कापांमध्ये दोष दोन बोर्डांच्या मधे कोंडला जातो.

कोणता बोर्ड कोणाच्या पुढे आहे हे माहीत नसेल तर सोडवलेल्या वायरीची एक बाजू मोकळी ठेवून दुसऱ्या बोर्डात जोड मिळतो का ते बघत घराचा नकाशा कागदावर काढा. जुन्या घरात हा क्रम भिंतींच्या क्रमाने जात नाही. त्यासाठी दिलेला अर्धा तास पुढे दोन तास वाचवतो.

प्रत्येक बोर्ड उघडताना मापाआधी डोळ्यांनी बघा. मागे घालताना जास्तीची वायर दाबून बसवलेली असते आणि प्लेटचा लांब स्क्रू तिच्यात घुसतो. सॉकेटची अर्थ वायर उघडी, नळी न चढवलेली असते आणि शेजारच्या फेजच्या स्क्रूला टेकते. बहुपदरी वायरचा एखादा केस स्क्रूबाहेर राहतो. मुंग्यांचं वारूळ, मेलेली पाल, गंजलेला पत्रा, ओल, काळा डाग, वितळून चमकणारा तांब्याचा मणी. तो मणी दिसला तर शोध संपला. फेज-अर्थ शॉर्ट असेल तर सॉकेटमागची अर्थ आणि लोखंडी पेटीची कड आधी बघा.

बोर्डात काहीच नसेल आणि दोष दोन बोर्डांमधल्या नळीत असेल तर भिंत फोडण्याची घाई नको. पाइप बहुधा बोर्डापासून सरळ वर किंवा सरळ आडवा जातो. त्या रेषेत खिळा, स्क्रू किंवा ड्रिलचं भोक आहे का बघा. असेल तर स्क्रू काढल्यावर माप बदलतं, पण वायर बदलावीच लागते. चिरलेलं इन्सुलेशन स्क्रू काढल्याने भरून येत नाही.

आरसीसीबी पडतो तेव्हा

हा प्रकार सर्वांत जास्त छळतो, आणि याचं कारण क्वचितच नीट सांगितलं जातं. आरसीसीबी फेजमधून गेलेला आणि न्यूट्रलमधून परतलेला प्रवाह तोलून बघतो. फरक ३० मिलिअँपिअर झाला की त्याने पडलंच पाहिजे, आणि १५ च्या वर तो कुठेही पडू शकतो. संगणक, वॉशिंग मशीन, एलईडी ड्रायव्हर यांची फिल्टरमधून थोडी गळती निर्दोष स्थितीतही असते. एका आरसीसीबीवर अशी बरीच उपकरणं आली की सगळी मिळून १५ च्या जवळ पोचतात आणि किरकोळ कारणाने तो पडतो. तेव्हा उपाय सर्किटं दोन आरसीसीबींवर वाटून देण्याचा. आरसीसीबी बायपास करणं हा उपाय नाही. तो ज्या दिवशी बायपास होतो त्या दिवशीही लिकेज तिथेच असतं, फक्त सांगणारा गेलेला असतो.

शोधताना सगळे एमसीबी खाली करा, आरसीसीबी वर करा, आणि एमसीबी एकेक उचला. ज्यावर पडला त्या सर्किटचे प्लग काढून पुन्हा बघा. एवढ्यावर बहुतेक प्रकरणं सुटतात.

न सुटणारी प्रकरणं न्यूट्रल-अर्थ शॉर्टची. सिंगल पोल एमसीबी फक्त फेज तोडतो. न्यूट्रल पट्टीवर जोडलेलाच राहतो. त्यामुळे ज्या सर्किटचा एमसीबी खाली आहे त्याच सर्किटमधला न्यूट्रल कुठेतरी अर्थला टेकला असला, तरी आरसीसीबी पडतो, आणि माणूस चालू असलेल्या निर्दोष सर्किटमध्ये शोधत बसतो. त्यातून तो पडण्याची वेळही फसवी: घरात भार नसताना न्यूट्रल आणि अर्थ यांच्यात जवळजवळ व्होल्टेज नसतं, म्हणून सगळं शांत. स्वयंपाकघरात मोठं काही चालू झालं की न्यूट्रलवर थोडं व्होल्टेज चढतं, त्यातला काही प्रवाह न्यूट्रलऐवजी अर्थमधून परततो, आणि आरसीसीबी पडतो. दोष मिक्सरवर किंवा ओव्हनवर टाकला जातो, आणि खरा दोष बेडरूमच्या सॉकेटमागे दाबलेल्या न्यूट्रलमध्ये असतो.

याचा तपास सोपा आहे. मेन बंद, आरसीसीबी बंद, वीज नसल्याची खात्री. आरसीसीबीनंतरच्या न्यूट्रलच्या पट्टीपासून अर्थच्या पट्टीपर्यंत मोजा. निरोगी घरात इथे जोड नसतो. आकडा आला तर न्यूट्रल एकेक सोडवत जा. ज्याच्या सुटण्याने मीटर ‘ओएल’ झाला तो दोषी. पुढे अर्धं-अर्धं करण्याची तीच रीत. दोन आरसीसीबी असतील तर एकाचा फेज आणि दुसऱ्याचा न्यूट्रल असं सर्किट जोडलं गेलेलं नाही ना, हेही बघा. नवं काम झाल्यानंतर लगेच दोन्ही पडू लागले तर कारण हेच असतं.

पावसात किंवा दमट हवेतच पडत असेल तर मल्टिमीटर काही सांगणार नाही, कारण तो फक्त काही व्होल्टवर मोजतो. इथे ५०० व्होल्ट डीसीचा मेगर, म्हणजे जास्त व्होल्टेजवर इन्सुलेशनचा रोध मोजणारं यंत्र, लागतो. सर्व उपकरणं, एलईडी, रेग्युलेटर, डिमर सोडवून, फेज-न्यूट्रल एकत्र बांधून अर्थच्या विरुद्ध मोजतात, म्हणजे चुकून राहिलेल्या एखाद्या इलेक्ट्रॉनिक भागावर पूर्ण व्होल्टेज येत नाही. किमान १ मेगओहम हवा. चांगल्या वायरिंगला दहापट, शंभरपट येतो. १ च्या जवळ रेंगाळणारा आकडा म्हणजे ओल. बाहेरचा दिवा, गच्चीवरचा सॉकेट, मोटरची केबल यांना आधी वेगळं करा.

दुरुस्ती

भाजलेली किंवा चिरलेली वायर टेप गुंडाळून परत घालू नका. बोर्डातच थोडी करपली असेल तर चमकदार, लवचीक भाग लागेपर्यंत कापा. लांबी पुरत नसेल तर बोर्डाच्या पेटीत योग्य कनेक्टरने जोडा. भिंतीतल्या पाइपमध्ये जोड कधीच नको. पाइपमधली वायर खराब असेल तर जुन्या वायरलाच नवी बांधून ओढा, आणि तिन्ही एकदम बदला. एकट्या वायरीला ओढताना उरलेल्या दोघींचं इन्सुलेशन घासतं. मापाची वायर तीच ठेवा किंवा जाड घ्या: १.५ चौरस मिलिमीटरवर ६ किंवा १० अँपिअर, २.५ वर १६.

‘सारखा पडतो, मोठा टाकू या’ म्हणून एमसीबीचा आकडा वाढवणं म्हणजे भिंतीतल्या वायरला फ्यूज बनवणं. ‘बी’ प्रकारचा एमसीबी काढून ‘सी’ प्रकारचा बसवतानाही विचार करा. लांब, बारीक वायरीच्या टोकाला मार्गाचा रोध २ ओहम असेल तर शॉर्टचा प्रवाह फक्त ११५ अँपिअर. १६ अँपिअरचा ‘बी’ ४८ ते ८० मध्ये तत्काळ पडला असता, ‘सी’ १६० पर्यंत वाट बघू शकतो, आणि तेवढे सेकंद वायर तापते. खूप एलईडी एकदम चालू होताना ‘बी’ पडत असेल तर बदल समजण्यासारखा आहे, पण आधी त्या सगळ्या मार्गाचा (लूपचा) रोध मोजून घ्या.

वीज परत देताना

सगळे स्क्रू घट्ट करा, प्रत्येक वायर ओढून बघा. तीन मापं पुन्हा घ्या, झाकणं लावा. भार न जोडता मेन, आरसीसीबी आणि एमसीबी या क्रमाने वर करा. एका सॉकेटवर मोजा: फेज-न्यूट्रल आणि फेज-अर्थ दोन्ही २३० च्या आसपास, न्यूट्रल-अर्थ दोनतीन व्होल्टच्या आत. फेज-अर्थ खूप कमी आला तर अर्थिंग तुटलेलं आहे. ते नीट होईपर्यंत पत्र्याचं अंग असलेली उपकरणं लावू नका.

आरसीसीबीचं टेस्ट बटण दाबा. तो तत्काळ पडला पाहिजे. ही तपासणी पुढे महिन्यातून एकदा करत राहा, न वापरता त्याची यंत्रणा जाम होते. मग भार एकेक करून जोडा, तासाभराने दुरुस्त केलेल्या बोर्डाच्या प्लेटला आणि एमसीबीच्या पुढच्या बाजूला बाहेरून हात लावून बघा. कोमट ठीक, चटका नको.

डीबीच्या झाकणाच्या आत एक कागद चिकटवा: कोणता एमसीबी कोणत्या खोल्यांचा, बोर्डांचा क्रम, आजची तारीख आणि आज आलेली मापं. पुढच्या वेळी डीबी उघडणारा माणूस याच कागदापासून सुरुवात करेल.